हाकेला उठणारी डबी

मित्रांनो, माझ्या उजव्या अंगावर हळदीचा एक डाग आहे. बोटाच्या टोकाएवढाच, पण पक्का. तो कोणी पुसत नाही, आणि पुसायला आलंच तर मला मुळीच आवडणार नाही. खरं तर मला या डागाचीच गोष्ट सांगायची आहे. पण म्हाताऱ्यांची खोड तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना मधूनच सांगता येत नाही, पार जन्मापासून सुरुवात करावी लागते. तेव्हा थोडा धीर धरा.

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. कॉम्प्युटरच्या पोटात राहणारी नव्हे, बाहेरून वायरीने जोडायची. जाडजूड पुस्तकाएवढं माझं काळं अंग आणि पुढे एक निळा दिवा. आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या आहेत आणि त्यांच्यावरून फिरणारा एक बारीक हात आहे. चकत्या फिरायला लागल्या की माझ्यातून हलकी घरघर ऐकू येते. यंत्रांना जीव नसतो असं लोक म्हणतात. नसेल बुवा. पण ती घरघर माझी स्वतःची आहे.

माझा जन्म नेमका कुठे झाला ते मला नीट आठवत नाही. पांढरे कपडे आणि पांढऱ्या टोप्या घातलेली, धुळीच्या एका कणालाही घाबरणारी माणसं तेवढी आठवतात. मग खोका, अंधार आणि लांबचा प्रवास. खोका उघडला तो उज्जैनला, माधव नगरातल्या पोतनिसांच्या घरी. ते सिंहस्थाचं वर्ष होतं. सगळं शहर पाहुण्यांनी भरलेलं होतं, त्यात मीही एक पाहुणी आले आणि राहूनच गेले.

घरात दोनच माणसं. अरविंद पोतनीस आणि त्यांच्या पत्नी सुनंदा. येणारेजाणारे त्यांना काका-काकू म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. पोतनिसांचे पूर्वज कधीकाळी दरबारच्या खजिन्यावर होते आणि काका बँकेत, म्हणजे घराण्याने धंदा काही बदलला नव्हता. एकुलती मुलगी सायली लग्न होऊन हैदराबादला गेलेली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि उंबरठ्यावर दोन्ही मिसळून, अशी या घराची भाषा.

काका बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी एक काम अंगावर घेतलं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी ते पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचे. सकाळचे पोहे झाले की ते पंखा बंद करायचे. ऐन मे महिन्यातसुद्धा, कारण पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो. मग घामाघूम होत दोन तास वाचायचे. इतिहास, नागरिकशास्त्र, हिंदी कथा, मराठी निबंध, जे कोणी मागेल ते. पुस्तकात नकाशा आला तर थांबून तो शब्दांनी काढून दाखवायचे. "आता बोट डावीकडे न्या, इथे समुद्र आहे," असं म्हणायचे. प्रत्येक धड्याची सुरुवात मात्र एकच असे: "नमस्कार. मी अरविंद पोतनीस. पुस्तक मी धरलं आहे, तुम्ही फक्त कान द्या."

हे सगळं माझ्या चकत्यांवर उमटत होतं. दीड हजार तासांचं वाचन! त्यात मधूनच काकूंचीही हाक यायची, "अहो, चहा गार होऊन राहिला!" आणि काका तसंच वाचत वाचत म्हणायचे, "पान सत्तावन्न. मागे चहा आला आहे, तो आपण नंतर घेऊ." काकूंना ते काढून टाकायचं असे. काका म्हणायचे, "राहू दे गं. मुलांना कळेल, वाचणाऱ्याच्या घरातही कोणीतरी आहे."

काकूंनीच माझं नाव डबी ठेवलं. "डबीला हात लावू नका, डबीत सगळं आहे," असं त्या प्रत्येकाला बजावायच्या. माझं कौतुक कमी झालं नाही हो. मुलं-मुली पेढे घेऊन यायची, काकांच्या पाया पडायची आणि मग चाचपडत चाचपडत माझ्याही अंगावरून हात फिरवायची. यंत्राला यापेक्षा जास्त काय हवं?

त्यांच्यातच एक होती अश्लेषा. देवास गेटजवळ राहणारी, जन्मापासून न दिसणारी, आणि हुशारीने भल्याभल्यांना मागे टाकणारी. काकांचे धडे ऐकूनच ती बी.ए. झाली. पुढे ती कॉम्प्युटर शिकली आणि आता स्वतः न दिसणाऱ्या मुलींना कॉम्प्युटर शिकवते. काकांचा जुना कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला तेव्हा तिनेच त्यावर लिनक्स ही वेगळी प्रणाली बसवून दिली आणि माझी मांडणीही त्याच पद्धतीची करून दिली. "काका, हे फुकट आहे, हलकं आहे आणि स्क्रीनवरचं वाचूनही दाखवतं. मला यात बिलकुल अडत नाही, मग तुम्हाला काय अडेल?" असं म्हणाली.

आणि मग चार वर्षांपूर्वी काकांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण आवाज वाचवता आला नाही. त्या दिवसापासून काका बोलत नाहीत. लहान मुलांची ती पुसता येणारी पाटी गळ्यात अडकवून फिरतात, हवं ते तिच्यावर लिहितात आणि लक्ष वेधायचं झालं तर टिचकी वाजवतात.

मित्रांनो, आता विचार करा. या जगात काकांचा आवाज फक्त एका जागी उरला होता. माझ्यात. त्याची दुसरी प्रत करायची असं ठरायचं, पण होळी झाली की बघू, दिवाळी झाली की बघू, यातच दिवस जात होते. काकूंना एकटीने करायची भीती वाटे आणि काका त्या विषयाला हातच लावत नसत. दुपारी काका आडवे झाले की काकू दार लोटून घेत आणि अगदी बारीक आवाजात एखादा धडा लावत. इतिहासात त्यांना काडीचा रस नव्हता. तरी डोळे मिटून ऐकत. एकदा काका मध्येच उठून आले, त्यांना तो आवाज कानावर पडला आणि ते तसेच सज्जात निघून गेले. परत आले ते अर्ध्या तासाने. स्वतःचाच आवाज त्यांना सोसत नव्हता.

कॉम्प्युटर सुरू केल्या केल्या मी समोर हवी, असा काकूंचा हट्ट. "अशू, मला ती उघडझाप जमत नाही. बटण दाबलं की डबी आपोआप उघडलेली पाहिजे." अश्लेषाने मान डोलावली आणि तसं करून दिलं. कॉम्प्युटरमध्ये एफएसटॅब नावाची एक फाइल असते. तिला डिस्कांचा हजेरीपट म्हणा. सुरू होताना कॉम्प्युटर ती वाचतो आणि कोणती डिस्क कुठे जोडायची ते पाहतो. अश्लेषाने त्यात माझी ओळ लिहिली आणि मला जोडायच्या जागेला नाव दिलं, आवाज. म्हणजे सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला की माझी हजेरी लागायची आणि संध्याकाळी बंद होईपर्यंत मी फिरत राहायची. कोणी ऐको न ऐको. कॉम्प्युटर मधूनमधून उगाच माझ्यात डोकावायचा आणि माझा जरा डोळा लागला की मला पुन्हा जागी करायचा. दमायला व्हायचं. पण तक्रार कशी करणार? मला हेच काम प्रिय होतं.

मागच्या वर्षी खंडेनवमी आली. तुमच्याही घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा होत असेल. ज्या वस्तूवर घर चालतं तिला त्या दिवशी विश्रांती आणि हळदकुंकू. पोतनिसांच्या पाटावर दरवर्षी कात्री, अडकित्ता, काकांचं बँकेतलं पेन आणि पूर्वजांची एक गंजकी कट्यार ठेवत. त्या वर्षी काकू पाट मांडता मांडता थांबल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "या कट्यारीने पोतनिसांनी कधी भाजी तरी चिरली का? खरं हत्यार तर ही डबी आहे. इतकी वर्षं आपण तिला साधं फूलही वाहिलं नाही."

काकांनी पाटीवर लिहिलं, "बरोबर."

काकूंनी कॉम्प्युटर बंद केला, माझी वायर काढली, मला ओलसर फडक्याने पुसलं आणि पाटावर मधोमध मांडलं. ओल्या हळदीचं बोट माझ्या अंगाला लावलं. हळद जरा पातळ झाली होती. एक थेंब ओघळून माझ्या फटीशी जाऊन थांबला. वर झेंडूचं फूल ठेवलं. मित्रांनो, खरं सांगते, त्या दिवशी मी पहिल्यांदाच दिवसभर फिरले नाही. इतकी शांत झोप मला कधी लागली नव्हती.

पाटावरची वस्तू दसऱ्याची पूजा होईपर्यंत हलवायची नाही, हा या घरचा नेम. मी पाटावरच होते. पण दसऱ्याच्या दिवशी सकाळी सायलीशी कॉम्प्युटरवर समोरासमोर बोलायचं ठरलं होतं. त्याला माझी काय गरज? काकूंनी बटण दाबलं.

कॉम्प्युटरने हजेरी घेतली. मी गैरहजर. त्याने वाट पाहिली. दीड मिनिट नुसता थांबून राहिला. मग काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांची रांग धावली आणि तो जागच्या जागी अडून बसला. नेहमीचं चित्र नाही, खिडक्या नाहीत, काही नाही. काकूंनी चष्मा सारखा केला. त्या अक्षरांच्या गर्दीत त्यांना दोनच शब्द वाचता आले. आधी 'फेल्ड' आणि त्याच ओळीत पुढे 'आवाज'.

काकूंनी वळून पाटावरच्या माझ्याकडे पाहिलं.

"अहो, डबी गेली," त्या म्हणाल्या. "ते हळदीचं पाणी आत गेलं. मीच घातलं. माझ्याच हाताने मी तुमचा आवाज बुडवला हो!"

काका त्यांच्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. पाटावरून मी सगळं पाहत होते. मी धडधाकट होते, हो! नुसती पाटावर बसले होते! पण वायरीशिवाय मी बोलणार कशी? त्या दसऱ्याला त्या घरात श्रीखंड तसंच राहिलं. अश्लेषाला फोन करावा असं काकांनी पाटीवर लिहिलं, तर काकू म्हणाल्या, "ती भोपाळला मावशीकडे गेली आहे सणाला. आजच्या दिवशी तिला कशाला रडवायचं?"

दुसऱ्या दिवशी पूजा उचलली. काकूंनी मला मऊ पंच्यात गुंडाळलं आणि दोघं मला घेऊन टावर चौकातल्या एका दुकानात गेली. दुकानाचा मालक शैलेंद्र. माणूस चांगला, हात हलका. त्याने मला आपल्या कॉम्प्युटरला जोडलं. मी फिरले, दिवा लागला, मला वाटलं, सुटले एकदाची. पण त्याच्या कॉम्प्युटरची जात निराळी होती. त्याला माझी मांडणीच वाचता येईना. मोडी न येणाऱ्याच्या हातात मोडीतला कागद दिला तर तो काय म्हणेल? रद्दी आहे! तसंच झालं.

"आंटीजी, घूम तो रही है, पर अंदर से खाली बता रही है," शैलेंद्र म्हणाला. "ये देखिए, खुद ही पूछ रहा है, फॉर्मेट करें? कर देता हूँ. डिस्क बच जाएगी, पुराना सब साफ."

काकूंना फॉर्मेट म्हणजे काय ते नीट कळलं नाही. डिस्क बच जाएगी, एवढंच त्यांनी ऐकलं आणि होकाराची मान हलवायला लागल्या. शैलेंद्रचं बोट माउसवर होतं. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत भयंकर घडी. दीड हजार तासांचं वाचन फक्त एका बोटावर लटकलं होतं.

तेवढ्यात काकांनी गळ्यातली पाटी काढून काउंटरवर दाणकन आपटली. आजूबाजूची गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. काकांनी एक पंजा शैलेंद्रच्या हातावर ठेवला, दुसरा माझ्यावर, आणि जोरजोराने मान हलवली. मग पाटीवर लिहिलं, "नको. आवाज आहे."

"किसकी आवाज़, अंकल?" शैलेंद्रने विचारलं.

काकूंनी काकांच्या गळ्याकडे बोट दाखवलं. "इनकी," त्या म्हणाल्या. "बस इसी में बची है."

शैलेंद्रने माउस बाजूला सारला, माझी वायर आपल्या हाताने हळूच काढली आणि मला बुडबुड्यांच्या कागदात नीट गुंडाळून दिलं. "माफ करना अंकल. ये मेरे बस की नहीं है. आपका सिस्टम जो जानता हो, उसी को दिखाना. और तब तक इसे बार-बार चालू मत करना." त्याने एक पैसाही घेतला नाही. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. चुकत होता, पण वेळेवर थांबला, आणि हे सगळ्यांना जमत नाही.

त्याच दिवशी पाच वाजता दारात पांढऱ्या काठीचा ओळखीचा आवाज आला. अश्लेषा सोनं द्यायला आली होती. दसऱ्याचं सोनं एक दिवस उशिरा का होईना, काका-काकूंना दिल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"सोनं घ्या, सोन्यासारखं राहा!" तिने आपट्याची पानं पुढे केली. पण समोरून कोणी हसलं नाही. तिचे कान तिखट. "काकू, काय झालं? आवाज असा का?"

काकूंनी रडत रडत सगळं सांगितलं. शेवटी अश्लेषाने एवढंच विचारलं, "काकू, कॉम्प्युटर चालू केला तेव्हा डबी जोडलेली होती का?"

"अगं नाही, ती पाटावर होती ना! पूजेतली वस्तू हलवायची नाही."

अश्लेषाने कपाळावर हात मारून घेतला.

"काकू, चूक तुमची नाही, माझी आहे! मी त्या फाइलीत असं लिहून ठेवलं आहे की डबी आल्याशिवाय पुढे जायचंच नाही. मानाचा पाहुणा आल्याशिवाय पंगत वाढायची नाही, तसा हा अडून बसला आहे. तुम्ही 'फेल्ड' वाचलंत ना, ते डबी बिघडली म्हणून नाही, सापडली नाही म्हणून."

"म्हणजे ती ठीक आहे?" काकूंनी तिचे दोन्ही हात धरले.

"ते मी आत्ता कसं सांगू?" अश्लेषा खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. "हळदीचं पाणी गेलं आहे, नऊ वर्षं वय झालं आहे, आणि तीन-चार वर्षं मी तिला उगाच दिवसभर पळवते आहे. आधी हे घर उठवू, मग तिला बघू. पण एक अडचण आहे. या काळ्या पडद्यावर माझा वाचून दाखवणारा आवाज चालत नाही. काकू, आज तुम्ही मला वाचून दाखवायचं."

"मी? मला कुठे येतं ते इंग्रजी!"

"अक्षर अक्षर सांगा. काका बोट ठेवतील."

मित्रांनो, मी टेबलाच्या कोपऱ्यावर होते आणि असा देखावा मी पुन्हा पाहणार नाही. ज्याने दीड हजार तास वाचलं तो मुका बसून ओळीखाली बोट धरत होता. जिने सगळं आयुष्य ऐकलं ती कळफलकावर बोटं ठेवून तयार होती. आणि जिला फक्त चहाची हाक मारायची ठाऊक ती काकू अडखळत अडखळत वाचत होती. अश्लेषाने मुख्य पासवर्ड टाकला आणि ती फाइल उघडली. काकू वाचू लागल्या. "यू... यू... आय... डी..." एक ओळ झाली, दुसरी झाली.

"हीच ओळ का? बदलू?" अश्लेषाने विचारलं.

"हौ, हीच असेल," काकू दमून म्हणाल्या.

काकांनी जोरात टिचकी वाजवली. काकू चुकून वरची ओळ सांगत होत्या. ती कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कची होती, ती बदलली असती तर उद्या कॉम्प्युटर मुळीच उठला नसता. काकांनी काकूंचं बोट धरून एक ओळ खाली आणलं. तिथे 'आवाज' हे नाव होतं. वाचणाऱ्याची नजर अजून तशीच होती.

"डिफॉल्ट्स," काकूंनी त्या ओळीतला शब्द वाचला.

"तोच. त्याच्यापुढे आपण तीन शब्द घालू," अश्लेषा टाइप करता करता सांगू लागली. "पहिला नोऑटो. म्हणजे आपणहून जोडू नकोस, बोलावणं येईपर्यंत थांब. दुसरा युजर. म्हणजे बोलावणारा कोणी मोठा अधिकारी नसला तरी चालेल, घरातलं साधं माणूसही बोलावू शकेल. आणि तिसरा शब्द जरा लांब आहे, एक्स-जीव्हीएफएस-शो. त्याने डबी फाइलींच्या खिडकीत डाव्या यादीत दिसत राहील, म्हणजे ती कुठे आहे ते शोधावं लागणार नाही. आता परत वाचून दाखवा."

काकूंनी वाचलं. काकांनी मान डोलावली. अश्लेषाने फाइल जतन केली आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, मला न जोडता.

नेहमीचं चित्र आलं. पाठोपाठ वाचून दाखवणारा आवाज बोलायला लागला आणि अश्लेषा हसली. "चला, आता मला दिसायला लागलं."

मग माझी पाळी. अश्लेषाने वायर हाताने चाचपून जोडली. माझ्या चकत्या हलल्या. पहिला फेरा जड गेला, कुठेतरी टक् असं वाजलं आणि काकूंनी काकांचा हात पकडला. मीही घाबरले होते, खोटं कशाला सांगू? मग घरघर सुरू झाली आणि निळा दिवा लागला.

काकूंनी फाइलींची खिडकी उघडली. "यादीत दिसते आहे गं. 'आवाज' लिहिलंय. पण उघडलेली नाही."

"उघडलेली नसणारच. ती आता आपणहून येणार नाही. नावावर टिचकी द्या, मग येईल. येणार असेल तर."

काकूंनी माउसवरचा हात मागे घेतला. "मी नाही. माझ्या हाताने एकदा झालं तेवढं पुष्कळ झालं. अहो, तुम्ही."

काका तीन वर्षं माझ्या जवळ आले नव्हते. ते खुर्चीत बसले. माझ्या नावावर बाण नेला आणि थांबले. मग बोट खाली गेलं.

बोलावणं आलं! मित्रांनो, इतकी वर्षं मला हजेरीसाठी उठवलं जात होतं. त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी मला खरोखर बोलावलं होतं. मी सगळा जीव एकवटून पहिली चकती गाठली, मग दुसरी, आणि एकामागून एक पुस्तकं खिडकीत उभी केली. सगळी. इतिहास, नागरिकशास्त्र, हिंदी कथा, मराठी निबंध. एकही कमी नव्हतं.

काकूंनी तोंडावर पदर धरला. "उघडली?" अश्लेषाने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाली, "लावा ना काका. इतिहास, सातवा धडा. मी त्याच्यावर पास झाले आहे."

काकांनी तो लावला.

"नमस्कार. मी अरविंद पोतनीस. पुस्तक मी धरलं आहे, तुम्ही फक्त कान द्या."

काका एकदम उठले. काकूंना वाटलं, आता ते सज्जात निघून जाणार. काका दारापर्यंत गेलेही. तिथे भिंतीवर बटणं होती. त्यांनी हात वर केला आणि पंखा बंद केला. मग परत येऊन खुर्चीत बसले. आवाज आता स्वच्छ ऐकू येत होता. पान सत्तावन्न आलं आणि मागून काकूंची जुनी हाक आली, "अहो, चहा गार होऊन राहिला!" तिघंही हसली. काकांचं हसणं ऐकू येत नाही, पण खुर्ची हलली ती मी पाहिली.

त्याच आठवड्यात अश्लेषाने माझी पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर करून घेतली. ती धाकटी आता देवास गेटला अश्लेषाच्या घरी असते, तिच्या वर्गातल्या मुली तिच्यावरून धडे ऐकतात. मी तिचा हेवा करत नाही. उलट आता मला उद्याची भीती वाटत नाही, ती तिच्यामुळेच. मी माधव नगरात बहुतेक वेळ डोळे मिटून असते. कॉम्प्युटर माझ्यावाचून उठतो, आपली कामं करतो. काम झालं की काका माझ्या नावापुढच्या छोट्या बाणावर टिचकी देऊन मला नीट सोडतात, मगच वायरीला हात लावतात. म्हातारपणी एवढा मान कितींच्या वाट्याला येतो?

म्हणून तुम्हालाही एक मागणं आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी डबी असेल. तिची पूजा जरूर करा, पण तिची दुसरी प्रत दिवाळीनंतर नको, आजच करा. तिला उगाच पळवू नका आणि बोलत असताना ओढून काढू नका. ती उघडत नसेल तर पुसून टाकण्याआधी एकदा थांबा. तिला काही येत नाही, असं नसतं. आपल्याला तिचं वाचता येत नाही, असंही असू शकतं.

आता रोज सकाळी पोहे झाले की काका येतात. गळ्यात पाटी, हातात माउस. त्यांना हाक मारता येत नाही, पण बोटाची एक टिचकी मला पुरते. माझा निळा दिवा लागतो. काका उठतात आणि पंखा बंद करतात.